उलांडी

मालवणच्या मामाच्या होडीत पहिल्यांदा बसलो तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. होडीच्या एका अंगाला, दोन वाकड्या दांड्यांच्या टोकांशी हलक्या लाकडाचा ओंडका बांधलेला असे. ती उलांडी. होडी तिच्या बाजूला कलू लागली की ओंडका पाण्यात बुडायला नकार देई. उलट बाजूला कलली की त्याचं वजन होडीला मागे ओढी. तिच्या भरवशावर मी समुद्राची भीती सोडली. वल्हं मात्र आपटायचो. मामा म्हणायचा, “पाण्याक मारू नको. पाणी धर.”

पुढे मुंबई, नोकरी, जिममधलं वल्हवायचं यंत्र. किती किलोमीटर झाले ते यंत्र सांगे. खिडकीबाहेरची बसस्टॉपची रांग तिथेच असे.

कयाक भेटली ती थेट पन्नाशीत. मूळची ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी, सांगाड्यावर सीलची कातडी ताणून केलेली. माझी प्लॅस्टिकची, जेमतेम दोन फूट रुंद. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती. आणि उलांडी नाही.

फेब्रुवारीत पहाटे देवबागहून निघालो. मतलई वारा पडत आला होता. कर्लीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी बाहेर धावत होतं आणि लाटा त्याला आत रेटत होत्या. तेवढं ओलांडलं की भोगवे, पुढे निवतीचे कडे. लांब समुद्रात वेंगुर्ले रॉक्सचं दीपगृह. हात चालत होते, पाणी धरलं जात होतं, आणि मी फुशारलो. खडक जवळून बघायची हौस! कड्यावर आपटलेली लाट परत फिरते, येणारीला भिडते आणि पाणी जागच्या जागी उभं राहतं. अशा पाण्यात कंबर सैल सोडायची, खालची कयाक हलू द्यायची, हे शिकवलं होतं. मी ताठ झालो. उलटताना माझा डावा हात बाहेर काहीतरी चाचपत होता. काय, ते नाकातोंडातलं खारं पाणी ओकून झाल्यावर कळलं.

सोबत्यांनी ओढून किनाऱ्याला आणलं. खांदा आठवडाभर सुजलेला.

मामा आता ऐंशीचा. होडी फायबरची, इंजिनाची. जुनी उलांडी खळ्यात आडवी पडलीय. तिच्यावर माझे ओले कपडे पसरत त्याने विचारलं, “उलांडी नसलेल्या होडयेत बसलंस कित्याक?”

मी चहा मागितला.