नामाचे क्रियापद होते तेव्हा

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या भाषेवर लिहावे, हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. पण भाषा म्हटली की व्याकरण आले, आणि व्याकरण आले की आम्हां मराठीच्या विद्यार्थ्यांचा थोडासा हक्क आलाच!

मराठीत नामापासून धातू बनतो, हे आपण शाळेतच शिकलो. हातापासून हाताळणे, लाथेपासून लाथाडणे, पाण्यापासून पाणावणे. जी वस्तू होती तिची क्रिया झाली. हीच करामत मला कॉटलिन नावाच्या संगणकीय भाषेत भेटली. सेंट पीटर्सबर्गजवळच्या एका बेटाचे नाव मिरवणाऱ्या या भाषेची पहिली पक्की आवृत्ती २०१६ साली निघाली.

निमित्त झाले आमच्या आत्याच्या वह्यांचे. गावातल्या बायकांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या तिने वर्षानुवर्षे उतरवून ठेवल्या आहेत. त्यांची सूची करावी म्हणून मी आतेभावाकडून, म्हणजे दादाकडून, कॉटलिनचे धडे घेतले. प्रत्येक ओवीची एक नोंद. नोंदीत तीन गुण : शब्द, गाव आणि गायिका. (संगणकात ही नावे मी रोमन लिपीत लिहिली; येथे सोयीसाठी देवनागरीत देते.)

एखादी ओवी हाती असली आणि मधे टिंब देऊन ‘ओवी.गायिका’ असे लिहिले, की त्या ओवीची गायिका मिळते. ही सरळसरळ षष्ठी विभक्ती! पण नोंदींच्या प्रकाराचे नाव घेऊन, टिंबाऐवजी दोन अपूर्णविराम देऊन ‘ओवी::गायिका’ असे लिहिले, तर कोणतीच विशिष्ट ओवी उरत नाही. उरतो तो केवळ संबंध. आणि गंमत अशी, की जिथे भाषा एखादे कार्य मागते, म्हणजे ‘एक वस्तू घे, दुसरी दे’ असे काम मागते, तिथे हा संबंध जसाच्या तसा ठेवता येतो. ‘ओव्या.मॅप(ओवी::गायिका)’ एवढे म्हटले की साऱ्या गायिकांची यादी पुढ्यात! ‘जी ओवी येईल तिची गायिका काढून दे’ असे वाक्य रचायचे कारणच नाही. नामानेच क्रियापदाचे काम केले.

स्विफ्ट या दुसऱ्या भाषेत ही सोय २०२०च्या ५.२ या आवृत्तीत आली. तिथे तिरकी रेघ आणि टिंब देऊन गुणाचे नाव लिहितात. मात्र तेच नाव आधी बाजूला साठवून ठेवले आणि मग कार्याच्या जागी दिले, तर ती भाषा ते नाकारते. जागच्या जागी लिहिले तरच त्याचे कार्य होते. कॉटलिनमध्ये असा पंक्तिभेद नाही. साठवलेले नामही जात्याच क्रियापद असते.

इथवर सारी मौज होती. पुढे अडचण आली ती गायिकांचीच. आत्याच्या वहीत कितीतरी ओव्यांपुढे नावाची जागा कोरी आहे. अशा गुणाच्या प्रकारापुढे कॉटलिन प्रश्नचिन्ह लावायला सांगते. दादा म्हणाला, “अगं, मॅपच्या जागी मॅपनॉटनल लिही. रिकाम्या जागा आपोआप गळतील, यादी कशी स्वच्छ होईल.”

त्याचे खरेच होते. पण गळणार होत्या त्या रिकाम्या जागा नव्हेत, बायका होत्या. पहाटे उठून दळताना ज्यांनी सासरचे नि माहेरचे सगळे जात्याशी बोलून घेतले, त्यांना एका शब्दासरशी यादीबाहेर करणे माझ्या जिवावर आले. मी ‘ग्रुपबाय(ओवी::गायिका)’ असे लिहिले. नाव हेच क्रियापद, पण आता ते गाळण्याचे नव्हे, गोळा करण्याचे. ज्यांना नाव नव्हते त्या साऱ्या ओव्या एका ठिकाणी जमल्या.

तो गठ्ठा छापून मी आत्यापुढे ठेवला. एकेक ओवी वाचावी आणि तिने आठवावे. “ही पाटलाच्या थोरल्या सुनेची. ही सुताराच्या आईची. ही आमच्या धाकट्या जाऊबाईंची.” मी विचारी, “पण नाव काय गं त्यांचे?” आत्या गप्प होई. चाळीस वर्षे एका पाणवठ्यावर पाणी भरलेली बाई; तिला सगळे ‘अमक्याची आई’च म्हणत आले!

कॉटलिनमध्ये व्यक्तीला वगळून नुसता संबंध हाती धरता येतो, याचे मला नवल वाटले होते. आमच्या गावाने ते केव्हाच करून ठेवले होते. बाई गेली, षष्ठीचा प्रत्यय तेवढा राहिला.

काही नावे अखेर मिळाली. उरलेल्यांपुढचे प्रश्नचिन्ह मी तसेच ठेवले आहे, आणि ‘सुताराची आई’ यासाठी नोंदीत ‘ओळख’ असा चौथा गुण वाढवला आहे. आत्या म्हणते, चैत्रात जत्रेला माहेरवाशिणी येतील, तेव्हा त्यांना विचारू. वही घेऊन मीही जाणार आहे.

— तृतीय वर्ष कला (मराठी)