पोलादपूर ते चवदार तळे : एका कुटुंबाची धाव

पोलादपूर हे नाव मुंबईकर चाकरमान्यांच्या ओळखीचे असते ते एस. टी. स्टँडमुळे. कोकणात उतरणारी गाडी येथे घटकाभर थांबते, प्रवासी चहा घेतात, पाय मोकळे करतात आणि पुढे कशेडीच्या वाटेला लागतात. कशेडीला आता बोगदा झाला, त्यामुळे घाटातल्या वळणांनी पोटात ढवळण्याचे दिवस संपले. डाव्या हाताने आंबेनळी घाटाचा रस्ता महाबळेश्वरास चढतो. त्याच महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून महाडकडे जाते व बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. तालुक्यातील उमरठ येथे नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. एवढे सांगितले की पुष्कळांच्या दृष्टीने पोलादपूर संपते.

आम्हां बौद्धांच्या दृष्टीने मात्र पोलादपूरची खूण वेगळी आहे. येथून सुमारे १८ किलोमीटरवर महाड, आणि महाडात चवदार तळे. या १८ किलोमीटरांवर आमच्या घरची माणसे यंदा धावत गेली, त्याचा हा वृत्तांत आहे. धावत म्हणजे अक्षरशः धावत. गाडी चुकली म्हणून नव्हे.

धावण्याचा हा नाद आमच्या घरात परदेशातून आला. आमचे धाकटे बंधू ओमानात मस्कत येथे एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर आहेत. बायको-मुलांसह तिकडेच राहतात. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना साखरेची भीती घातली आणि रोज चालायला सांगितले. ते चालू लागले, कंटाळा आला म्हणून धावू लागले, मग भावजय निघाली, मग दोन्ही मुले. आता सणवार चुकेल, पण यांचे धावणे चुकत नाही. सुट्टीत कोठेही गेले तरी बॅगेत आधी बूट पडतात, मग कपडे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही उभयता वीस दिवस त्यांच्याकडे राहून आलो. मस्कतमध्ये मत्रह नावाचा जुन्या बंदराचा भाग आहे. तेथे समुद्राच्या कडेने अर्धचंद्राकार रस्ता आहे, त्याला कॉर्निश म्हणतात. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला गवताची काडी नसलेले काळपट डोंगर, आणि रियामच्या बागेजवळ टेकडीवर उभारलेले भले मोठे पांढरे धूपपात्र. आमचे डोंगर पावसाळ्यात हिरवे होऊन अंगावर येतात. तिकडचे डोंगर बाराही महिने भाजून काढलेले. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, म्हणून लोक पहाटे नाही तर रात्री धावतात. त्या गर्दीत केरळचे, फिलिपाईन्सचे, मिसरचे, खुद्द ओमानचे असे सर्व प्रकारचे लोक असतात. बुरख्यातल्या बायका झपझप चालतात, त्यांच्या शेजारून आमची पंधरा वर्षांची पुतणी वेणी उडवीत धावत जाते. आम्ही बाकावर बसून पाहत असू. वीस दिवसांत तिला कुणी आडनाव विचारले नाही.

परंतु याच शहरात दुसरेही दृश्य पाहिले, ते लिहिणे भाग आहे. संध्याकाळी बांधकामावरच्या मजुरांच्या बसेस कॅम्पकडे परततात. खिडकीला डोके टेकून माणसे बसल्या जागी झोपलेली असतात. तिकडे जून ते ऑगस्ट या काळात दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे, यावरून उन्हाची कल्पना यावी. त्या बसमधला कोणी रात्री हौसेने धावायला जाईल काय? दिवसभराच्या कामानंतर ज्याच्या अंगात शक्ती उरते आणि जिच्यावर दुसऱ्याचा हक्क नसतो, त्यालाच असला छंद परवडतो. आम्ही ऑफिसात बसून खर्डेघाशी करणारे. आमची शक्ती उरते हे खरे, पण ती आम्ही टीव्हीपुढे घालवतो.

आमच्या आजोबांनाही पुष्कळ धावावे लागले होते. पण ती धाव त्यांची नव्हती. महारकीच्या कामात गावचा सांगावा पोचवणे असे. सरकारी टपाल असो, साहेबाचे सामान असो, वसुलाबरोबर कचेरीपर्यंत जाणे असो, की गावातल्या कुणाचे मयत झाले म्हणून दूरच्या सोयऱ्यांना बातमी देणे असो. हाक आली की रात्र असो, पाऊस असो, निघायचे. आजोबा सांगत की रात्री आंबेनळीच्या रानातून जाताना हातात पलिता आणि तोंडात स्वतःशीच चाललेले बोलणे, एवढाच सोबती. ज्यांच्या घरी मयताची बातमी न्यायची, त्यांच्या अंगणाबाहेर उभे राहून ओरडून सांगायचे आणि तसेच परत फिरायचे. पाणी मागायची सोय नव्हती.

बाबासाहेबांनी या वतनाचे मूळ बरोबर ओळखले होते. थोड्या बलुत्याच्या बदल्यात चोवीस तासांची बांधिलकी, तीही सबंध घराची. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडले. प्रत्यक्षात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ साली झाला, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. कायद्याच्या पुस्तकात ही दोन ओळींची गोष्ट आहे. आमच्या घरात ती आजोबांच्या गुडघ्यांची गोष्ट आहे.

यंदा मार्चमध्ये मस्कतच्या भारतीय शाळांचे वर्ष संपले आणि बंधूंचे कुटुंब गावी आले. दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला चौघेही कापड्याच्या रस्त्याला धावायला निघाले. वाडीतली कुत्री आधी मागे लागली, मग पोरे लागली. एका म्हाताऱ्या बाईने हाक मारली, "बाय, कुणाची गं तू? वाघ लागलाय काय मागं?" पोरीने थांबून आजीचे नाव सांगितले आणि पुन्हा धावत सुटली. पहिले दोन-तीन दिवस करमणूक झाली. त्यानंतर कुजबूज सुरू झाली. मोठी मुलगी, अंगात ट्रॅक पँट, भर रस्त्याने धावते, हे बरे दिसते का? आणि हे विचारणाऱ्यांत आपलीच माणसे अधिक होती. रस्त्यावरचे इतर लोक एवढेच विचारीत की, कुठल्या वाडीतली? या प्रश्नाचा अर्थ आम्हांला नीट कळतो. मस्कतमध्ये वाढलेल्या पोरीला तो कळत नव्हता. तिने सरळ "बौद्धवाडीतली" म्हणून सांगितले आणि वर "तुम्ही कुठले?" असेही विचारले. विचारणारा गृहस्थ सायकलवर टांग टाकून निघून गेला.

कुजबुजीचा निकाल आमच्या आईने लावला. ती म्हणाली, "आमी डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घिऊन हितनंच धावत बाजार गाठायचो, तवा कुणी इचारलं नाय बरं दिसतं का म्हून." विषय तिथेच संपला.

खरा वाद पुढे झाला. पुतणीने विचारले, "मोठे बाबा, २० मार्चला सगळे गाडीने महाडला जातात. आपण धावत गेलो तर?" ही गोष्ट विहारात निघाली. वाडीतले एक वयोवृद्ध निवृत्त सैनिक, ज्यांचा शब्द आम्ही सर्व मानतो, त्यांना ती पटली नाही. त्यांचे म्हणणे असे, "तिथं आपण अभिवादनाला जातो. शर्यत लावायला नाही. बाबासाहेबांच्या मागून लोक धावत गेले नव्हते, शिस्तीत गेले होते." त्यांचे म्हणणे इतिहासाला धरून होते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० तारखेला लोक चार-चारच्या रांगेने तळ्यावर गेले. त्यामागे आमच्याच भागातील कॉ. आर. बी. मोरे यांची खटपट होती. अनंतराव चित्रे, नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारख्यांची साथ होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने तळे खुले केले १९२४ साली, परंतु ओंजळीत पाणी यायला १९२७ साल उजाडावे लागले. त्यानंतर मंडपात जेवणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हाही बाबासाहेबांनी लोकांना आवरून धरले. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी.

दोन तास बोलणे चालले. शेवटी भावजयीने मार्ग काढला. महाडच्या वेशीपर्यंत धावायचे, तेथून पुढे चालायचे, तेही रांगेने. घोषणा नाहीत, घड्याळ लावायचे नाही, कोण पहिला कोण दुसरा याची नोंद ठेवायची नाही. ते आजोबा ऐकून घेऊन म्हणाले, "मग मी टेंपोत बसून येतो. पाण्याचा हंडा माझ्याकडं."

पहाटे साडेचारला विहारात त्रिसरण-पंचशील घेऊन निघालो. सर्वांनी १८ किलोमीटर धावायचे नव्हते. टप्पे वाटून घेतले होते: बंधू व पुतणी सर्वांत जास्त, भावजय पाच, आमचा मुलगा व पुतण्या चार-चार, आणि आम्ही स्वतः तीन. महामार्ग चौपदरी आहे, ट्रक वाऱ्यासारखे जातात. म्हणून अगदी कडेने, एकामागे एक, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या आणि मागे दिवे लावलेला टेंपो. लोहारमाळ मागे पडले तेव्हा अंधारच होता. काजूच्या मोहोराचा वास येत होता. आमचे तीन किलोमीटर संपताना छातीचा भाता झाला होता आणि टेंपोतले आजोबा शांतपणे म्हणत होते, "नाकानं श्वास घ्या, नाकानं. पलटणीत पहिलं हेच शिकवतात."

राजेवाडी फाट्याजवळ सावित्रीचा पूल आला आणि न सांगता सगळे चालू लागले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री येथला ब्रिटिशकालीन पूल महापुरात वाहून गेला. त्याच्याबरोबर दोन एस. टी. गाड्या आणि आणखी वाहने गेली. नवा पूल जून २०१७ मध्ये खुला झाला. पुढे जुलै २०२१ च्या पावसात महाड तालुक्यात तळिये, आणि आमच्या पोलादपुरात केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. ही नदी आणि हे डोंगर आम्हांला पोसतात, पण त्यांचा भरवसा धरता येत नाही. पुतणीने कठड्यावरून खाली पाहिले. मार्चमध्ये पाणी एवढेसे असते. तिला खरे वाटेना.

चांभारखिंडीच्या पुढे उजाडले. निळे झेंडे लावलेल्या गाड्या आता एकामागून एक येऊ लागल्या होत्या. मराठवाड्याच्या, विदर्भाच्या, मुंबईच्या. धावणारी पोरे पाहून गाड्यांतून जयभीमचा गजर होई. एका जीपमधल्या बायांनी थांबून आम्हांला भाकरी आणि ठेचा दिला. कुठल्या, काय, काही विचारले नाही. वेशीवर बूट झटकले, तोंडे धुतली, पांढरे सदरे चढवले आणि चार-चारच्या रांगेने तळ्याकडे चाललो. टेंपोतले आजोबा उतरून पहिल्या रांगेत आले. त्यांच्या एका बाजूला पुतणी होती.

तळ्यावर त्या दिवशी मुंगीला वाट नसते. पुस्तकांचे स्टॉल, फोटो, कॅलेंडरे, भीमगीतांचे सूर, तान्ही मुले खांद्यावर घेतलेले बाप. पुतळ्याला वंदन करून आम्ही पायऱ्यांवर ओंजळ भरली. पुढे, २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले त्या जागेच्या क्रांतिस्तंभावर गेलो. परतीला सगळे टेंपोत. आमचे पाय आमचे राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुलांना गांधारपाले लेण्यांवर नेले. महाडच्या उत्तरेस महामार्गाला लागूनच ही लेणी आहेत, सुमारे तीस. हजारो माणसे खालून गाडीने जातात आणि मान वर करीत नाहीत. चढ थोडा आहे, पण आदल्या दिवशीच्या पायांना तो फार वाटला. विहारांतले दगडी बाक, भिक्खूंच्या छोट्या खोल्या, ब्राह्मी शिलालेख पाहून मुले गप्प झाली. वरून गांधारी आणि सावित्रीचा सगळा प्रदेश दिसतो. तेथे बसून आम्ही मुलांना चंक्रमणाविषयी सांगितले. भिक्खू ठरावीक अंतर सावधपणे चालत येरझारा घालीत, ते चंक्रमण. अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी त्याचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबचा प्रवास झेपतो, कष्ट झेपतात, आजार कमी होतात, खाल्लेले-प्यालेले नीट पचते, आणि चालताना लाभलेली समाधी दीर्घकाळ टिकते. यातले पहिले चार मस्कतच्या डॉक्टरांनीही बंधूंना सांगितले होते, फक्त फी घेऊन.

ज्या वाचक बंधू-भगिनींना हे करावेसे वाटेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. महागाचे बूट लागत नाहीत. तळ जाड आणि मापाचा असला की पुरे. पहिला महिना दोन मिनिटे धावावे, दोन मिनिटे चालावे. बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. धाप लागून शब्द फुटेना की थांबावे. साखर, रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. महामार्गावर एकट्याने कधीही धावू नये. सोबत माणसे आणि मागे गाडी असल्याशिवाय आम्हीही गेलो नसतो. मुलींना धावू द्यावे. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यावरून आलेल्या कविता राऊतने २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. फार मागे जायचे तर १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले.

बंधूंचे कुटुंब एप्रिलच्या आधी परत गेले. २०२७ च्या २० मार्चला सत्याग्रहाची शंभर वर्षे, त्या वेळी रजा काढून येण्याचे त्यांनी कबूल केले आहे. कापड्याच्या रस्त्याला सध्या वाडीतल्या चार मुली पहाटे धावतात. त्यांतल्या एकीच्या वडिलांनी परवा बूट कुठे स्वस्त मिळतील म्हणून विचारले. महाडच्या बाजारातले एक दुकान आम्ही त्यांना सांगितले आहे.