जुळलेला हिशेब आणि खरा हिशेब

हिशेबनिसाचे काम संगणकाने खाल्ले, असे हल्ली सरसकट म्हटले जाते. छोट्या व्यापाऱ्यांचे आणि कारखानदारांचे हिशेब सांभाळण्यातच माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे यातले खरे किती आणि वरवरचे किती, ते मी रोज पाहतो. लिहिण्याचे काम गेले, यात वाद नाही. किर्दीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज आणि तेरजेच्या दोन बाजूंत पडलेला काही रुपयांचा फरक शोधण्यात जाणाऱ्या रात्री, हे सगळे टॅलीसारख्या सॉफ्टवेअरने कधीच संपवले. बँकेचा उतारा आता थेट हिशेबात उतरतो, बिलाचा फोटो काढला की रक्कम आणि कर आपोआप भरले जातात. त्याबद्दल हळहळण्यासारखे काही नाही. रकाने बेरजेत आणणे हे काही फार मोठे बौद्धिक सुख नव्हते. माझी तक्रार निराळी आहे. यंत्र हिशेब इतका चोख जुळवते की जुळलेला हिशेब खराच असणार, अशी समजूत व्यापाऱ्यांत, सरकारात आणि खुद्द आमच्या व्यवसायातही पक्की होत चालली आहे. ती चुकीची आहे, आणि आमचे खरे काम तिथूनच सुरू होते.

जीएसटीचेच घ्या. १ जुलै २०१७ ला हा कर आला तेव्हा त्यामागची कल्पना साधी होती: विकणाऱ्याने दाखवलेले बिल आणि घेणाऱ्याने दाखवलेले बिल एका ठिकाणी समोरासमोर येईल, मग लबाडीला जागा कुठे? २०२० मध्ये जीएसटीआर-२बी हे खरेदीचे मासिक पत्रक मिळू लागले. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने दाखवलेल्या आणि आपल्या पत्रकात उतरलेल्या बिलांपुरतीच कराची वजावट मिळते. ई-इनव्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत ५ कोटींपर्यंत खाली आली. दरमहा विवरण भरणाऱ्याच्या हिशेबाला आता ठरलेला ताल आहे: ११ तारखेपर्यंत विक्रीचे विवरण, १४ ला पत्रक, २० पर्यंत कर. या मधल्या दिवसांत आमच्याकडे जे चालते त्याला हिशेब तपासणे म्हणणे धाडसाचे ठरेल. पुस्तकातली यादी आणि पोर्टलवरची यादी शेजारी ठेवून न जुळणाऱ्या ओळी लाल करायच्या, मग पुरवठादारांना फोन लावायचे.

या लाल ओळींत नावे कोणाची असतात? बहुतेक प्रामाणिक माणसांची. कोणी बिलाचा क्रमांक टाकताना एक शून्य कमी टाकलेले असते, कोणाचा माल या महिन्यात निघून पुढच्या महिन्यात पोचलेला असतो, कोणी सुताची चार बाचकी खराब निघाली म्हणून परत केलेली असतात. खरा व्यवहार असा थोडा वाकडातिकडा असतोच. दुसऱ्याच कोणाच्या आधार-पॅनवर नोंदणी काढून, माल न हलवता नुसती बिले विकणाऱ्याचे कागद मात्र निर्दोष असतात. क्रमांक बरोबर, तारीख बरोबर, पत्रकात नोंद हजर. जुळावे म्हणूनच ते बिल जन्माला आलेले असते. ते पकडायला वेगळे प्रश्न विचारावे लागतात: एवढा माल ठेवायला या माणसाकडे गाळा केवढा आहे? काटापावती कुठे आहे? टनावारी माल उतरला तर हमाली खर्ची का पडली नाही? विजेचे बिल तेवढेच राहून उत्पादन दुप्पट कसे झाले? ई-वे बिलावरचा गाडी क्रमांक दुचाकीचा निघाल्याची प्रकरणे सरकारी तपासणीतच उघड झाली आहेत. ती ओळ लाल झाली नव्हती, कारण चौकटीत एक गाडी क्रमांक हवा होता आणि तो भरलेला होता.

ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आलेले बिल स्वीकारण्याची, नाकारण्याची किंवा लांबणीवर टाकण्याची सोय झाली. सोय चांगलीच आहे. पण काहीच केले नाही तर बिल स्वीकारले असे धरले जाते, आणि घाईच्या आठवड्यात काहीच न करणे हेच सगळ्यांत सोपे असते. तसेच ‘एडिट लॉग’चे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे सक्तीचे झाले आणि लेखापरीक्षकाला त्यावर अहवाल द्यावा लागतो. नोंद कोणी, कधी, किती बदलली ते त्यात कळते. पहिल्या दिवसापासून खोटीच असलेली आणि कधीही न बदललेली नोंद त्यात कशी सापडणार? शिवाय लहान कंपनीत सगळे एकाच ‘अ‍ॅडमिन’ नावाने काम करतात, म्हणजे ‘कोणी’ हाही प्रश्न उरतोच.

यावर सरळ आक्षेप असा येतो की कागदी वह्या काय सत्यवचनी होत्या? एक वही दुकानाची आणि एक कर खात्याची, ही रीत संगणकाच्या आधीपासूनची आहे. मान्य. उलट नव्या व्यवस्थेने किरकोळ लबाड्या अवघड केल्या, साहेबासमोर ताटकळणे कमी केले, हेही मी मान्य करतो. पण वहीवर कोणाचाही आंधळा विश्वास नव्हता; खाडाखोड, शाईचा रंग, मध्येच कोरे राहिलेले पान शंका जागी ठेवत. पडद्यावरचा अहवाल मात्र खरा असो की खोटा, तितकाच स्वच्छ दिसतो. पीएमसी बँकेचे उदाहरण महाराष्ट्राला विसरता येणार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. फिर्यादीनुसार एका बांधकाम समूहाच्या खात्यांसह ४४ कर्जखाती झाकण्यासाठी तपासनिसांपुढे २१,०४९ बनावट खाती मांडली गेली होती. बँक पूर्ण संगणकीकृत होती. त्यातल्या थोड्या कर्जदारांचे दार ठोठावले असते तरी पुरे होते.

दुसरा आक्षेप अधिक दमदार आहे: आज यंत्र जुळवते, उद्या संशयही घेईल. आम्ही नमुन्यादाखल थोडी व्हाउचरे पाहतो, कृत्रिम बुद्धिमत्ता सगळीच पाहील आणि विचित्र नोंद नेमकी वर काढेल. हे काही प्रमाणात घडतेच आहे, आणि मला त्याचे स्वागतच वाटते. मात्र यंत्राला दिसते ते नोंदीच्या आतले. गोदामात माल नाही, ही गोष्ट नोंदीत नसते. ती तिथे जाऊन पाहावी लागते. शिवाय यंत्राने दाखवलेल्या शंभर विचित्र नोंदींपैकी कोणत्या सोडायच्या, हे ठरवून खाली सही करणारा माणूस लागतोच. १ जुलै २०१९ पासून सनदी लेखापालाच्या प्रत्येक अहवालाला आणि दाखल्याला ‘यूडीआयएन’ क्रमांक लागतो आणि तो त्याच्या नावाशी कायमचा बांधलेला असतो. तो सॉफ्टवेअरच्या नावे निघत नाही.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या पिढीची. व्हाउचर हाताळून, खतावणी करून नजर तयार होत असे. ते कंटाळवाणे काम आता यंत्राकडे गेले, आणि २०२३ पासून आर्टिकलशिप, म्हणजे सनदी लेखापालाच्या हाताखालची उमेदवारीही तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. त्या दोन वर्षांत मुले पोर्टल चालवायला शिकतात, दुकानात शिरून माल मोजायला नाही. म्हणून ज्यांच्या हाताखाली आर्टिकल आहेत त्यांना माझी विनंती आहे: महिन्यातला एक दिवस मुलांना संगणकावरून उठवा, अशिलाच्या गोदामात पाठवा, काटापावत्या आणि फाटकावरचे रजिस्टर बघायला लावा. आणि ‘सॉफ्टवेअरच सगळे करते, मग फी कशाची’ असे विचारणाऱ्या व्यापाऱ्यांना एवढेच सांगतो की फी विवरण भरण्याची नाही, त्या एका दिवसाची आहे. ती द्यायला तयार राहा.