उथळ पाण्याची बाजू

हिवाळ्यात भिगवणला गेलात तर उजनीच्या फुगवट्यावरचं थापट्या बदक जरा निरखून बघा. त्याची चोच टोकाकडे रुंद आणि चपटी, कडांना बारीक दात्यांची झालर. मान पाण्याला टेकवून ते चोच डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरकतं. पाणी आत जातं, कडांमधून बाहेर पडतं. बिया आणि पाणकिडे तेवढे आत राहतात. कधी सगळा थवा गोल फिरू लागतो आणि पुढच्याच्या पायांनी ढवळलेलं पाणी मागचा गाळून घेतो. शेजारी तलवार बदक डोकं पाण्यात खुपसून शेपटी आभाळाकडे करून उलटं उभं असतं. खोल बुडी मारून अन्न शोधणाऱ्यांतली ही बदकं नव्हेत. वरच्या वीतभर पाण्यावर त्यांचं पोट भरतं. इंग्रजीत यांना ‘डॅबलिंग डक्स’ म्हणतात.

‘डॅबल’ हे इंग्रजीतलं जुनं क्रियापद, सोळाव्या शतकापासूनचं. मूळ अर्थ पाण्यात हातपाय हलवून चुळबुळ करणं. पुढे ते माणसांच्या उद्योगांना चिकटलं. त्याची वाक्यं बघा : तो चित्रकलेत डॅबल करायचा, तिने काही वर्षं राजकारणात डॅबल केलं, हा शेअर बाजारात डॅबल करतो. माणूस स्वतःबद्दल हे बोलला की ती नम्रता असते. ‘मी आपलं थोडंफार गातो’ म्हणतो तशी. तेच दुसऱ्याबद्दल बोललं की निकाल लागतो : याचं काही खरं नाही, हा वरवरचा. शस्त्रक्रियेत किंवा पूल बांधण्यात कोणी ‘डॅबल’ करतो असं म्हणत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्याचा जीव ज्यावर अवलंबून आहे तिथे चाळा म्हणून हात घालू नये, एवढी मर्यादा मला मान्य आहे.

पण बाकीच्या अफाट प्रदेशाचं काय? तिथेही आपण तोच निकाल लावतो. उथळ पाण्याला खळखळाट फार. एक ना धड भाराभर चिंध्या. पोरगी सहा महिने तबला शिकली, मग मातीकामाकडे वळली, मग ताऱ्यांचे नकाशे घेऊन गच्चीवर बसू लागली, की घरातलं कोणीतरी म्हणतंच, ‘एक तरी धड कर.’ या वाक्याने किती माणसं सुरुवातीलाच गप्प झाली असतील, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. गोव्यातल्या कोसबेंत 1907 साली जन्म, 1929 साली हार्वर्डची पदवी, पुढे काही वर्षांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्याची नोकरी. संख्याशास्त्र शिकताना हाताशी काहीतरी खरा प्रश्न असावा म्हणून त्यांनी आहत नाणी घेतली : ठसे मारलेली, वेड्यावाकड्या कडांची, चांदीची प्राचीन नाणी. तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांतलं एकेक नाणं तराजूत घालून वजनं घेतली. कल्पना साधी होती. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. वापर वाढेल तसं सरासरी वजन घटतं, आणि सगळी सारखी झिजत नसल्यामुळे वजनांतली तफावत वाढते. म्हणजे नुसत्या तराजूवरून कोणत्या गटातली नाणी जास्त काळ फिरली ते सांगता येतं. पडताळा म्हणून त्यांनी आपल्या काळातली चलनी नाणीही तोलली.

इतकं झाल्यावर गणिताचा सराव पुरा झाला होता. पण ही नाणी पाडली कोणी, हा प्रश्न मागे राहिला. त्यासाठी जुने ग्रंथ हवेत, ग्रंथांसाठी संस्कृत हवं. संस्कृतासाठी त्यांनी भर्तृहरीची सुभाषितं हाती घेतली, तर हस्तलिखितांत पाठांचा गोंधळ दिसला. तो निस्तरता निस्तरता 1948 साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. 1956 साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं आणि इतिहासलेखनाची रीतच बदलली. मधल्या काळात आनुवंशिकीतही त्यांनी डोकं घातलं. गुणसूत्रावरचं अंतर मोजण्याचं 1944 सालचं त्यांचं सूत्र आजही ‘कोसंबी मॅपिंग फंक्शन’ या नावाने वापरतात. पुण्याभोवतीच्या टेकड्या पायाखाली घालून गारगोटीची लहान हत्यारं गोळा करणं चालूच होतं.

आणि ज्या गणितात त्यांचं रीतसर शिक्षण झालं होतं, तिथे? रीमानच्या गृहीतकाची सिद्धता मिळाल्याचा दावा त्यांनी 1959 साली छापला. तो टिकला नाही, आणि गणितज्ञांमधली त्यांची पत त्यामुळे खालावली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्यांना लोक छंद म्हणाले असते, तीच कामं पक्की उभी राहिली. कोणतं पाणी कुठे खोल आहे हे काठावरून कळत नाही.

तरी प्रत्येक हौशी माणसाचा कोसंबी व्हायला हवा, असं मुळीच नाही. तसं म्हटलं तर हौसेला पुन्हा परीक्षेला बसवल्यासारखं होईल. मराठीत ‘हौशी’ला मानाची जागा आहे. राज्य सरकारच्या नाट्य स्पर्धेच्या नावातच तो शब्द आहे. ती कित्येक दशकं चालू आहे, आणि तिच्यात बँकेतले, शाळेतले, एसटीतले लोक दिवसभराची नोकरी आटोपून तालमीला जमतात. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणून काम करत हौशी रंगभूमीवर वावरले आणि 1969 साली पूर्णवेळ नट झाले. त्या तालमींना आलेले बाकीचे बहुतेक लोक पूर्णवेळ कधीच झाले नाहीत. त्यांनी एका संवादासाठी घासलेला गळा वाया गेला असं मी मानत नाही. पुढे कोणाचंही नाटक बघताना त्यांना रंगमंचावरची स्तब्धता ऐकू येते. ती नुसत्या प्रेक्षकाला ऐकू येत नाही. ज्याने स्वतः वाईट का होईना चार रागांत गळा घातला आहे, त्यालाच चांगल्या गवयाची जागा कळते. एखाद्या कलेचा रसिकवर्ग अशाच माणसांचा बनतो.

म्हणून घरात कोणी साठीनंतर मोडी शिकायला बसलं, पोराने तिसरा छंद बदलला, शेजारीण पेटी घेऊन एकच सरगम घोळवू लागली, तर ‘याचा उपयोग काय’ आणि ‘परीक्षा कधी देणार’ हे दोन प्रश्न विचारू नका. काय शिकलात ते दाखवायला सांगा, आणि दहा मिनिटं नीट बसून बघा.