सोळा पानांचा संसार

रात्री साडेनऊला ताटे उचलली की आमच्या कुर्ल्याच्या खोलीत चटईवर पाट मांडला जातो आणि पाटावर कागद. दिवसभर ऑफिसात जावक रजिस्टर लिहिणारा हात आता हंडे काढू लागतो. साडेअकराला दिवा घालवावाच लागतो, कारण मुलीची शाळा सकाळची. मुलांची पुस्तके स्वतः लिहून, चित्रे काढून, स्वतःच छापणाऱ्या माणसाला एवढेच दोन तास मिळतात.

मुलीसाठी आम्ही चित्रांची जी पुस्तके आणली त्यांत बाग होती, झोपाळा होता, आजोबांची आरामखुर्ची होती. सार्वजनिक नळ मात्र नव्हता. म्हणून आमची पहिली गोष्ट नळावरची. रांगेत लावलेला हंडा रात्रीतून कुणीतरी मागे सरकवतो आणि एक मुलगी त्याचा छडा लावते. दोन प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवले. विषय मुलांना रुचणार नाही, असे एकाने कळवले. कोणत्या मुलांना, ते कळवले नाही.

पहिली परीक्षक आमची पत्नी. चित्र पाहून म्हणाली, "अहो, नळाची रांग अशी सरळ असते होय? तुम्ही कधी पाणी भरलंय का?" सभांतून समतेवर बोलणाऱ्या आम्हाला उत्तर सुचले नाही. महिनाभर पहाटे हंडा घेऊन आम्हीच गेलो. मग तीन पाने पुन्हा काढली.

पतपेढीचे कर्ज काढून छापखाना गाठला. तिथे कळले की मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पाने होतात. आमची गोष्ट अठरा पानांची! दोन पानांसाठी वेगळा कागद, वेगळा खर्च. तेव्हा गोष्टीतल्या मामाला निरोप द्यावा लागला. ५०० प्रती सगळ्या रंगीत केल्या तर प्रत ३४ रुपयांना पडत होती. आत नुसती काळी शाई घेतली तर १८ रुपयांना. रंगीत पुस्तक साठ रुपयांखाली विकणे परवडणार नव्हते. बी.कॉम.चा उपयोग निदान इथे झाला. आम्ही काळी शाई घेतली आणि किंमत ३० रुपये ठेवली.

त्याच सुमारास इंग्लंडच्या बीट्रिक्स पॉटर यांच्याविषयी वाचले. १८९३ साली एका आजारी मुलाला पाठवलेल्या चित्रपत्रातून त्यांची पीटर नावाच्या सशाची गोष्ट जन्मली. प्रकाशकांनी नाकारल्यावर त्यांनी डिसेंबर १९०१ मध्ये स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापल्या. पुस्तक चिमुकल्या हातात मावेल एवढे आणि स्वस्त असावे, हा त्यांचा आग्रह. सुरुवातीचे एकच चित्र रंगीत, बाकी काळी-पांढरी. आम्हाला मोठा धीर आला. बाई श्रीमंत घरच्या होत्या, पतपेढीचा हप्ता त्यांना नव्हता, ही गोष्ट वेगळी. आणि पुढच्याच वर्षी एका प्रकाशकाने तेच पुस्तक काढले ते रंगीत, हे आम्ही त्या वेळी सोयीस्करपणे विसरलो.

२०२३ च्या ६ डिसेंबरला दादरला एका ओळखीच्या स्टॉलवर कोपरा मिळाला. परभणीहून आलेल्या एका ताईंच्या मुलीने आमचे पुस्तक उचलले आणि उभ्या उभ्या अर्धे वाचले. ताईंनी पाने उलटून विचारले, "दादा, रंगवायचं राहिलं का?" आम्ही हिशेब समजावू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकले आणि पुस्तक जागेवर ठेवले. मुलगी वळून वळून पाहत होती. भेट म्हणून द्यावे हे सुचेपर्यंत दोघी गर्दीत दिसेनाशा झाल्या.

नेलेल्या २०० प्रतींपैकी १३९ परत आल्या. गठ्ठे खाटेखाली गेले. ताईंचा प्रश्न मात्र रोज रात्री पाटावर येऊन बसे. गरिबाच्या मुलाला स्वस्त द्यायचे म्हणून फिके द्यायचे, हे आम्ही कुणाला विचारून ठरवले होते?

उरलेल्या प्रती बालवाड्यांतून, ओळखीपाळखीतून दीड वर्षात संपल्या. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी तोडगा मुलीने काढला. "हंडा पितळी असतो ना, मग तेवढा पिवळा करा." छापखान्यात विचारले. चार रंग महाग पडतात. काळ्याबरोबर एकच पिवळा घेतला तर एक प्लेट वाढते आणि प्रत बावीस रुपयांत बसते. किंमत तीसच राहिली.

आता सोळा पानांत एकूण एकेचाळीस हंडे आहेत. रात्री आम्ही ते एकेक करून पिवळ्यासाठी वेगळ्या कागदावर उतरवतो आहोत. सव्वीस झाले आहेत. पत्नीचे म्हणणे, त्यातले दोन अजूनही कळशीसारखे दिसतात.