सहा फुटांची बाल्कनी

इंटरव्ह्यूत एखाद्या पोराला 'डिझाइन पॅटर्न म्हणजे काय रे?' असं विचारलं की तो सिंगलटन, फॅक्टरी, ऑब्झर्व्हर असं घडाघडा म्हणून दाखवतो. लहानपणी पाढे म्हणायचो ना, अगदी तसं. ही कल्पना मुळात आली कुठून, असं विचारलं की मात्र गाडी अडते. फार तर १९९४ साली आलेल्या 'गँग ऑफ फोर'च्या पुस्तकापर्यंत मजल जाते. मग ही कल्पना आपल्या धंद्यातली नाहीच, घरं बांधणाऱ्यांकडून उसनी आणलेली आहे, असं मी सांगतो. समोरचा जरा संशयानेच बघतो. (नोकरी हवी असते, त्यामुळे मान डोलावतो हा भाग वेगळा.)

तर मंडळी, ख्रिस्टोफर अलेक्झांडर. जन्म १९३६ चा, व्हिएन्नातला. केंब्रिजला गणित शिकला, हार्वर्डमधून आर्किटेक्चरमध्ये पीएच.डी. केली, मग कित्येक वर्षं बर्कलीला शिकवत होता. २०२२ मध्ये गेला. तरुणपणी तो गुजरातमधल्या एका खेड्यात काही काळ राहिला होता आणि १९६४ च्या त्याच्या पुस्तकाच्या परिशिष्टात एका भारतीय खेड्याच्या १४१ गरजांची यादी आहे. कुठली गरज कुठलीशी भांडते हे त्याने गणित मांडून शोधलंय. आपल्याकडचा एखादा बिझनेस अ‍ॅनालिस्ट एवढा कसून काम करेल तर त्याचे पाय धरीन मी!

आता आर्किटेक्चरच्या कुठल्याही विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी भेटतो तो रोमन व्हिट्रुव्हियस. त्याने दोन हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की इमारत मजबूत हवी, सोयीची हवी आणि देखणी हवी. मान्य. पण हे म्हणजे क्लायंटने 'सिस्टिम युजर फ्रेंडली पाहिजे' असं लिहून देण्यासारखं झालं. नाही म्हणायची सोय नाही आणि त्यावरून एक ओळ कोड लिहिता येत नाही.

अलेक्झांडर खाली उतरला. सारा इशिकावा, मरे सिल्व्हरस्टीन आणि आणखी काही सहकाऱ्यांबरोबर त्याने १९७७ मध्ये 'अ पॅटर्न लँग्वेज' हा हजारावर पानांचा ठोकळा काढला. त्यात २५३ पॅटर्न आहेत. सुरुवात अख्ख्या प्रदेशांपासून आणि शेवट घराच्या भिंतींवर काय लावावं इथे. प्रत्येक पॅटर्नची रीत तीच: इथे माणसाच्या कुठल्या गरजा एकमेकींना छेद देतात, आणि कुठली रचना केली की भांडण मिटतं. सगळेच पटतात असं नाही. चार मजल्यांवर बांधू नका, हा त्याचा सल्ला मुंबई-पुण्यात कोणी ऐकणार नाही, आणि माझ्या मते ऐकूही नये, नाहीतर आपण सगळे तळेगावच्या पुढे राहायला जाऊ. पण पॅटर्न क्रमांक १६७ वाचला तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून टेप शोधायला गेलो.

तो म्हणतो, सहा फुटांपेक्षा कमी खोलीची बाल्कनी सहसा वापरलीच जात नाही. कारण साधं आहे. तेवढ्या जागेत लहानसं टेबल ठेवून त्याभोवती पाय पसरून बसता येत नाही. अरुंद बाल्कनीत खुर्च्या भिंतीला टेकवून ओळीत मांडाव्या लागतात, सगळे रस्त्याकडे तोंड करून बसतात, आणि एकमेकांचा चेहरा बघायचा तर मान वळवत राहायची. आठवून बघा तुमची बाल्कनी. कपड्यांचा स्टँड, वाळलेली तुळस, एसीचं बाहेरचं धूड... बरोबर?

दुसरा पॅटर्न क्रमांक १५९: प्रत्येक खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा. एकाच बाजूला खिडकी असेल तर खिडकी डोळ्यांवर येते, बाकीची खोली काळोखी वाटते. पण मला भावलं ते पुढचं. माणसाच्या चेहऱ्यावर एकाच बाजूने उजेड पडला की बारीक हावभाव वाचता येत नाहीत, म्हणून त्या खोलीत बोलणं नीट जमत नाही, असं तो सांगतो. आपण बोलतो ते अर्धं चेहऱ्यानेच, नाही का?

हे सगळं मी हौसेने वाचत होतो तोवर ठीक होतं. पण आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलं. तीन मजली बिल्डिंग पाडून चौदा मजली होणार. नकाशे आले. आम्हाला नवव्या मजल्यावरचा मधला फ्लॅट. हॉल लांबुळका, त्याला टोकाशी एकच उघडी बाजू, आणि तिच्यापुढे चार फुटांची बाल्कनी. कमिटीतले सगळे कार्पेट एरियात किती भर पडली तेच मोजत होते.

माझे बाबा ७६ वर्षांचे. त्यांना कमी ऐकू येतं. मशीन आहे, पण खरं ऐकणं चालतं ते समोरच्याच्या ओठांकडे बघून. खिडकीकडे पाठ करून कोणी बसलं की त्यांच्यासाठी तो माणूस नुसती सावली होते. मग ते 'हं, हं' करतात. घरच्यांना कळतं की काही ऐकू आलेलं नाही. संध्याकाळी ते, शेजारचे काका आणि वरचे निवृत्त मास्तर अशी तिघांची बैठक आमच्या जुन्या बाल्कनीत भरते. ती जुन्या काळची आहे, अर्धी घरात शिरलेली, ऐसपैस. बाबांचं दिवसभरातलं घराबाहेरच्या माणसांशी बोलणं म्हणजे तेवढंच.

अलेक्झांडरचा आग्रह असायचा की नकाशावर भांडू नका, जागेवर जाऊन खुणा करा आणि तिथे उभे राहा. मेक्सिकोतल्या मेहिकालीत १९७६ च्या सुमारास त्याने पाच कुटुंबांना आपापल्या घरांचा आराखडा असाच स्वतः ठरवू दिला. म्हटलं, आपल्याला तर फक्त खडू लागतोय. एका रविवारी गच्चीवर दहा फूट बाय चार फूट चौकोन आखला, तीन खुर्च्या, स्टूल आणि चहा मांडला. तिघांना म्हटलं, 'बसा, आणि रेषेबाहेर जायचं नाही.'

खुर्च्या ओळीतच लागल्या. बाबा मधे. काकांकडे वळले की मास्तर सुटायचे. पाचेक मिनिटांत 'हं, हं' सुरू झालं. मग मी ओल्या फडक्याने एक रेषा पुसून दोन फूट पुढे काढली. काही सांगावं लागलं नाही. काकांनी आपली खुर्ची वळवली, स्टूल मधे आलं आणि मास्तरांनी बँकेच्या व्याजदरावरून वाद उकरून काढला. बाबा तावातावाने भांडले!

कमिटीच्या पुढच्या मीटिंगला बिल्डरच्या आर्किटेक्टला हे सांगितलं. गृहस्थ सज्जन निघाले, पुस्तक त्यांनी कॉलेजात वाचलेलं होतं. म्हणाले, मधल्या फ्लॅटला दुसऱ्या बाजूने उजेड देणं शक्यच नाही, तिथे शेजारची भिंत आहे. बाल्कनी सहा फूट करता येईल, पण हॉलमधून दोन फूट कापून. त्यावर मतदान झालं. चोवीसपैकी सात हात वर आले. कार्पेट एरिया जिंकला.

पण कोपऱ्यातले फ्लॅट शिल्लक होते, दुसऱ्या मजल्यावर. हॉलला दोन बाजूंनी खिडक्या, आणि तिथली बाल्कनी कोपऱ्यात आत ढकललेली असल्याने आपोआपच सव्वासहा फूट. खाली रस्ता, रिक्षास्टँड, हॉर्न. नववा मजला सोडून दुसरा घेतोय म्हटल्यावर सेक्रेटरींनी मला बाजूला घेऊन विचारलं, पैशांची काही अडचण आहे का? विकायला काढलं तर किंमत कमी येणार हे खरंच आहे. बायकोने दोन रात्री हिशेब केला, मग म्हणाली, 'हॉर्नचा त्रास आपल्याला होईल, त्यांना थोडाच होणार आहे.'

फॉर्म भरून दिला. बाबांनी सही करण्याआधी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि जुन्या वेताच्या खुर्च्या तिकडे न्यायच्या की नाहीत एवढंच विचारलं.