तोफ हेंच निशाण

पायदळाच्या एखाद्या जुन्या पलटणीचा इतिहास उघडला, म्हणजे तिनें गाजविलेल्या लढायांची नामावळी प्रथम दृष्टीस पडते. हीं नांवें पलटणीच्या निशाणावर भरलेलीं असतात, आणि त्या निशाणासाठीं प्राण वेंचणाऱ्यांच्या कथा पुढील पिढ्यांस सांगितल्या जातात. तोफखान्याची गोष्ट निराळी. त्याची तोफ हेंच त्याचें निशाण. इंग्रजांच्या तोफखान्यास १८३२ सालीं जें ब्रीद मिळालें, त्याचा आरंभ 'उबीक्वे' या लॅटिन शब्दानें होतो. त्याचा अर्थ 'सर्वत्र'. लढाई कोणतीहि असो, तोफा तेथें होत्याच. मग एकेक नांव वेगळें काय लिहावयाचें, असा त्यांतील भाव. आपल्या भारतीय तोफखान्याचें ब्रीदहि त्याच अर्थाच्या शब्दानें सुरू होतें: 'सर्वत्र इज्जत-ओ-इकबाल'.

संस्कृत शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याचें लक्ष प्रथम व्याकरणाकडे जावें हें साहजिक आहे. 'सर्वत्र' हें शुद्ध संस्कृत अव्यय. लिंग, वचन व विभक्ति यांनीं त्याचें रूप पालटत नाहीं. पुढील दोन शब्द मूळचे अरबी, फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आलेले. ही जोडी कोणास विजोड वाटेल. परंतु मराठ्यांच्या तोफखान्याचा इतिहास आठवला, कीं विजोडपणा उरत नाहीं. पेशव्यांच्या तोफखान्याची सरदारी पानशांच्या घराण्यांत होती. सासवडजवळील सोनोरीचा मल्हारगड त्यांनींच १७५७ ते १७६० च्या सुमारास बांधला. आणि १७६१ त पानिपतावर ज्यानें तोफा चालविल्या व पराभवानंतर ज्याला प्राणास मुकावें लागलें, तो इब्राहिमखान गारदी. ब्रीदांतील तीन शब्दांप्रमाणें हीं माणसेंहि एकाच कार्यांत जोडलेलीं होतीं.

आजचा तोफखाना आपला जन्मदिवस २८ सप्टेंबर १८२७ हा मानतो. त्या दिवशीं मुंबई इलाख्याच्या सैन्यांत गोलंदाजांची एक कंपनी उभी राहिली. तीच पुढें पांचवी (बॉम्बे) माउंटन बॅटरी म्हणून प्रसिद्धीस आली. १८५७ च्या उठावानंतर मात्र हिंदी माणसाच्या हातीं तोफ ठेवण्याची इंग्रजांस धास्ती वाटूं लागली. हिंदी गोलंदाजांच्या बहुतेक तुकड्या मोडण्यांत आल्या. राहिल्या त्या मुख्यतः डोंगरी तोफांच्या थोड्या बॅटऱ्या. या तोफा सुट्या करून खेंचरांच्या पाठीवर लादीत, आणि जेथें गाडीवाट नाहीं अशा कड्यांवर नेऊन पुन्हा जोडीत. मैदानी तोफांची पहिली हिंदी ब्रिगेड उभी राहण्यास १५ जानेवारी १९३५ हा दिवस उजाडावा लागला. ती बंगळुरास उभारली गेली. ज्याच्या निष्ठेविषयीं राज्यकर्त्यांस पाऊण शतकाहून अधिक काळ शंका होती, त्या गोलंदाजानें त्यानंतर दहा वर्षांच्या आंतच आपलें उत्तर दिलें.

तें उत्तर ब्रह्मदेशांत, कलादानच्या खोऱ्यांत मिळालें. १५ व १६ डिसेंबर १९४४ या दोन दिवसांत तेथें हवालदार उमरावसिंग यांच्या एका डोंगरी तोफेवर जपानी तोफांनीं सुमारें दीड तास भडिमार केला व त्यामागोमाग पायदळ चालून आलें. एकामागून एक हल्ले परतविले गेले, सोबती पडत गेले, दारूगोळा संपला. तेव्हां तोफेच्या कामाचा लोखंडी दांडा हातीं घेऊन उमरावसिंग शत्रूवर तुटून पडले. सहा तासांनीं ते आपल्या तोफेजवळच बेशुद्ध सांपडले. अंगावर सात मोठ्या जखमा होत्या आणि भोंवतीं दहा जपानी सैनिक मरून पडले होते. तोफ शत्रूच्या हातीं गेली नव्हती. त्याच दिवशीं ती पुन्हा धडाडूं लागली. उमरावसिंगांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हातारपणीं पैशाची ओढ असतांहि तें पदक विकण्यास त्यांनीं साफ नकार दिला. २००५ सालीं ते वारले. 'इज्जत' या शब्दाचा अर्थ मुलांस समजावून सांगावयाचा झाल्यास कोशापेक्षां ही हकीकत मला अधिक उपयोगाची वाटते.

आतां 'इकबाल', म्हणजे भाग्य, वैभव. तोफखान्याच्या वांट्यास हें विचित्र रीतीनें येतें. १९९९ च्या कारगिल युद्धांत आपल्या तोफखान्यानें अडीच लक्षांहून अधिक गोळे, बाँब व अग्निबाण सोडले. पण शिखरावर झेंडा रोवला तो पायदळानें, आणि लोकांच्या तोंडीं नांव राहिलें तेंहि त्याचेंच. तें योग्यहि आहे. डोंगराआडच्या गोलंदाजास आपलें लक्ष्य दिसतहि नाहीं. तोफखान्याचा एक अधिकारी पायदळाबरोबर कडा चढतो व गोळा कोठें पडला तें बिनतारी यंत्रानें कळवितो. त्यावरून, वाऱ्याचा वेग व हवेचा विरळपणा हिशेबांत धरून, तोफेचा कोन ठरतो. कारण उंचावरील विरळ हवेंत गोळा अधिक लांब जातो. त्रिकोणमितीचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या मुलांस हेंहि सांगतां येईल. द्रास भागांतील 'पॉइंट ५१४०' या शिखरास गोलंदाजांच्या स्मरणार्थ 'गन हिल' हें नांव मिळालें तें २०२२ सालीं, म्हणजे तेवीस वर्षांनंतर.

हें सारें लिहिण्यास कारण घरांतच घडलें आहे. २९ एप्रिल २०२३ रोजीं पांच तरुणींस तोफखान्यांत अधिकारपद मिळालें, तेव्हांपासून माझ्या पुतणीनें तोच मार्ग धरण्याचें मनांत घेतलें आहे. "आपल्या घराण्याला हें शोभतें का?" असें घरांतील वडील मंडळी विचारतात. ती माझ्याकडे येऊन म्हणते, "काका, तुम्हीच सांगा ना त्यांना!"

मी तिला आधीं दोन गोष्टी सांगितल्या. तुझें श्रेय बहुधा दुसऱ्याच्या नांवावर जमा होईल, हें पतकरतां आलें पाहिजे. आणि जो गोळा तूं सोडशील त्याच्या पलीकडे कोण मेलें, हें तुला दिसणार नाहीं. म्हणून त्याचा भार कमी होतो असें समजूं नकोस. ती बराच वेळ गप्प होती. "विचार करीन," इतकेंच म्हणाली. मला तें उत्तर आवडलें.

वडील मंडळींसहि माझी एक विनंती आहे. भीति वाटत असेल तर भीति वाटते असें म्हणावें. मलाहि वाटते, पोटच्या पोरीसारख्या मुलीविषयीं ती वाटावी यांत कमीपणा नाहीं. परंतु घराण्याची सबब तिला सांगूं नये. पानशांचा मल्हारगड कांहीं फार दूर नाहीं, आणि ती इतिहास वाचते.